आंग्र्यांची गुराब आणि माझी मिशी

माझ्या हातात कला आहे. हे मी आपण होऊन सांगतो, कारण विचारायला कुणी येत नाही! शाळेत असताना मी खडूत गणपती कोरला होता. मास्तरांनी साधा खडू समजून त्यानं गणित सोडवलं, पण तो दोष मास्तरांच्या डोळ्यांचा. पुढे कारकुनी नशिबी आली आणि ही कला पेन्सिलींना टोक काढण्यात खर्च व्हायला लागली. तरी छातीठोकपणे सांगतो, आंग्र्यांच्या आरमारातली गुराब मी या दोन हातांनी लाकडात हुबेहूब बनवली होती. आता ती गुराब कुठे आहे असं विचाराल, तर जरा दमानं घ्या. सगळं सांगतो.

त्या वेळी पिंपरीचा औषधांचा कारखाना सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी तिथे स्टोअर्समध्ये कारकून. आम्ही मूळचे माणदेशचे, म्हणजे पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहाही न घेता उठतो, त्या मुलखातले. चिंचवडला नानासाहेबांच्या दोन खोल्यांत राहायचो. नानासाहेब गावचे जुने शेतकरी, दारात सहा म्हशी. त्यांच्या मंडळी अंबुबाई घरमालकीण कमी आणि आमच्या घरच्या सासूबाई जास्त होत्या. घरात मी आणि आमची ही, शालन, दोघंच. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं. कुणी 'काय, काही विशेष?' म्हणून विचारलं की तिचा चेहरा उतरायचा. माझाही उतरायचा, पण मला मिशी होती. मिशीत बरंच काही लपतं.

आणि मिशी काय होती म्हणता! दोन्ही टोकांना पीळ. स्टोअर्समधली माणसं मला नावानं कमी आणि मिशीनं जास्त ओळखायची.

तर त्या दिवाळीला आमचे सासरे लक्ष्मणराव आले. राहणार रत्नागिरी. बंदर खात्यात तीस वर्षं नोकरी केलेली. हे स्थळ आमच्या पुण्याच्या मामांनी जुळवलं, नाहीतर माणदेश आणि रत्नागिरी यांची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. सासऱ्यांना एकच खोड. फराळाला बसले की समुद्र काढायचे.

"जावईबापू, गलबत बघितलाव का कधी?"

"चित्रात बघितलंय."

"चित्रात!" सासऱ्यांनी चकलीचा तुकडा मोडला. "नाय, तुमचा तरी काय दोष? घाटावरच्या माणसाला पाणी म्हणजे रांजण. तुमच्याकडे होडी सोडायची तर आधी पाणी टँकरनं आणायला हवं!"

आमची ही तोंडाला पदर लावून हसली. झालं! सासरे हसले असते तर मी सोडून दिलं असतं. पण बायको हसल्यावर माझं माणदेशी रक्त उसळलं. मी ताडकन उभा राहिलो आणि मिशीला पीळ दिला.

"गुढीपाडव्याला या! आंग्र्यांची गुराब या खोलीत उभी दाखवतो. डोलकाठ्या, शिडं, तोफा, सगळ्यांसकट! नाही दाखवली तर ही मिशी उतरवीन!"

"उभी हां!" सासरे म्हणाले.

"उभी!"

"जमायचं नाय हो तुम्हाला."

"पाडव्याला वस्तरा घेऊन या!" मी म्हणालो. माणसानं रागात बोलू नये, हे मला आता कळतं.

तर गुराब म्हणजे काय, याचा शोध घेण्यापासून सुरुवात झाली. एका तेलाच्या दुकानाच्या कॅलेंडरवर मला ती सापडली. बांध्याला रुंद, दोन डोलकाठ्या, पुढचं टोक चोचीसारखं निघालेलं, कुशीला तोफांची ओळ. काय रुबाब! अडचण एकच होती, चित्र एका कुशीचं होतं. पलीकडची बाजू कशी असेल ते चित्रकारालाच ठाऊक. मी म्हटलं, त्यात काय, ती बाजू अंदाजानं करू. कलावंताला तेवढी मोकळीक पाहिजेच.

लाकूड म्हणून कारखान्यातल्या यंत्रांची रिकामी खोकी साहेबांची परवानगी घेऊन आणली. हत्यारं दिली दत्तोबांनी. दत्तोबा आमच्या कारखान्यातले सुतार, वयानं साठीच्या घरातले, बोलायला फटकळ.

"अर्जुनराव, आधी काय केलंय का लाकडात?" त्यांनी विचारलं.

"नाही. हेच पहिलं."

"मग आधी एक पाट करा. जमला तर चौरंग करा. जहाज पोरांच्या लग्नानंतर बघू."

मी ऐकतोय कुठला! साडेतीन फूट लांब, दीड फूट रुंद, असं माप धरून मी रंधा हातात घेतला. पहिल्या महिन्यात कणा आणि फासळ्या झाल्या. दोन बोटं रंध्याखाली आली, पण बोटं दहा असतात. दुसऱ्या महिन्यात मी फळ्या वाकवायला लागलो. खोलीत जिकडे तिकडे भुसा! आमटीत भुसा, अंथरुणात भुसा, देवाच्या डोक्यावर भुसा! आमची ही मुकाट्यानं झाडू फिरवायची. चार वर्षांत पहिल्यांदा मी कामावरून आल्यावर 'कंटाळा आला' म्हणत नव्हतो, तेवढ्यावर तिनं समाधान मानलं असावं.

फळ्या चिकटवायला सरस लागतो. तो चुलीवर शिजवावा लागतो आणि त्याचा वास... आता काय सांगू! जनावराच्या हाडाकातड्याचा तो, गुलाबपाण्याचा कसा येणार? पौष सरता सरता एक दिवस मी सरस ढवळत होतो, तर आमची ही तोंडाला पदर लावून परसात पळाली. ओकारी काढून आली.

"अहो," ती भिंतीला टेकत म्हणाली, "मला जरा बोलायचं होतं."

"कळलं मला," मी म्हणालो. "वास सोसत नाही ना? उद्यापासून खिडकी उघडी ठेवतो."

"वासाचं नाही हो..."

"थांब गं, सरस घट्ट होतोय!"

ती थांबली. तिचा स्वभावच थांबण्याचा.

मग तोफा आल्या. पितळी नळीचे तुकडे कापून मी बारा तोफा केल्या आणि दोन्ही कुशींना सहा-सहा भोकं पाडली. पितळ घासायला चिंच आणली, चांगली शेरभर. दोन दिवसांनी बघतो तर चिंच अर्धी! पुन्हा आणली, पुन्हा गायब! मी संतापलो.

"घरात उंदीर झालेत!"

"हो का?" आमची ही जिभेनं टाळूला टिचकी मारत म्हणाली.

"शेरभर चिंच खाल्ली लेकांनी! चिचोकेसुद्धा परसात नेऊन टाकलेत!"

"अहो, उंदीर चिंच खात नाहीत," ती खाली बघत हळूच म्हणाली. "चिंच कोण खातं, काही कल्पना आहे का तुम्हाला?"

मी विचार केला. "घूस!" मी म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी मोठा सापळा घेऊन आलो.  ती आत जाऊन भाकरी थापायला लागली.

मंडळी, तुम्ही आता हसत असाल. तुम्हाला सगळं कळलं असेल. पण तुमच्या घरात गुराब नव्हती! ज्याच्या घरात गुराब असते त्याला दुसरं काही दिसत नाही.

माघ संपत आला तेव्हा जहाजाचा सांगाडा पुरा झाला होता. सरस सुकायला वेळ लागतो आणि जमिनीवर ठेवलं तर घुशीची भीती. म्हणून मी ते चार दोऱ्या बांधून आढ्याच्या कडीला टांगलं. खिडकी उघडी होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दिसायचं. दिसू दे की! त्याच सुमारास गावात माझ्याकडे बघून लोक हसायला लागले. चांगलं, कौतुकाचं हसू. मी ओळखलं, गुराबीची कीर्ती पसरली!

एके दिवशी सकाळी नानासाहेबांनी मला अंगणात गाठलं.

"काय अर्जुनराव! आमच्या कानावर आलं बरं का! लई आनंद झाला बघा."

"तुमची कृपा," मी विनयानं मिशी चाचपली.

"पयलंच हाय न्हवं? जपून ऱ्हावा."

"पहिलंच. जमलं तर मग वर्षाला एक करायचा विचार आहे."

नानासाहेबांच्या भुवया वर गेल्या. "वर्साला एक? हौस दांडगी हाय की वो!"

"हात बसला की जड जात नाही."

"बरं, सगळं नीट हाय न्हवं? काय दुखनंखुपनं?"

"एका बाजूला जरा फुगलंय," मी खरं ते सांगितलं. "बघू. नाहीच नीट झालं तर फोडून बंबात घालीन!"

नानासाहेबांच्या हातातला तांब्या खाली पडला. ते तडक गोठ्याकडे निघून गेले. मी मनात म्हटलं, केवढं प्रेम माणसाचं! माझी कलाकृती बंबात जाणार म्हटल्यावर त्यांना सोसवेना.

त्याच आठवड्यात मला पताकांसाठी कापड हवं होतं. डोलकाठ्यांवर पताका नाहीत तर ते जहाज कसलं! आमची ही नदीवर धुणं घेऊन गेली होती. ट्रंक उघडली तर तळाशी, साड्यांच्या खाली, खणाचा एक नवा कोरा तुकडा. हिरवागार, जरीच्या काठाचा! इतका सुंदर खण ट्रंकेच्या तळाशी का लपवायचा? बायकांना चांगल्या वस्तूची किंमत नसते, असं म्हणून मी कात्री चालवली. आठ पताका झाल्या, काय दिसत होत्या!

ती परत आली. डोलकाठीवरच्या पताका तिनं पाहिल्या. ट्रंकेकडे पाहिलं आणि मटकन खाली बसली.

"हे काय केलंत?"

"छान झाल्यात ना?"

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मला वाटलं, कलेनं माणूस हेलावतं म्हणतात ते हेच.

आणि मग दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दत्तोबांनी डबा उघडता उघडता बॉम्ब टाकला.

"अर्जुनराव, लई खुशीची बातमी! बाप होनार म्हणं तुमी! अंबुबाईंनी आमच्या घरात सांगितलं."

माझा घास घशात अडकला.

"कोण बाप होणार?"

"आता मी व्हय?"

मी पाणी प्यायलो. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आढ्याला टांगलेलं, चार दोऱ्यांचं, लाकडी, साडेतीन फुटी... पाळणा! अरे देवा! या घाटावरच्या लोकांनी जन्मात जहाज बघितलेलं नाही. खिडकीतून माझी गुराब बघितली आणि ठरवून टाकलं, घरात पाळणा टांगला म्हणजे पोर येणार! नानासाहेबांचं ते 'पयलंच हाय न्हवं' आठवलं आणि मला दरदरून घाम फुटला.

खरं सांगतो, त्या क्षणी मला गुराबीचं काही वाटलं नाही. मला आमची ही आठवली. आधीच चार वर्षं बोलणी खाल्लेली. आता गावभर आशा पसरली आहे. उद्या महिने भरतील, लोक पेढे मागतील, आणि मग? 'नव्हतंच काही!' म्हणून हसतील. तिनं तोंड कुठे लपवायचं? माझ्या एका मूर्ख हौशीपायी?  मी ठरवलं, ही अफवा आजच्या आज मोडून काढायची. तिच्या कानावर जायच्या आत!

दुसऱ्या दिवशी सकाळी नानासाहेबांच्या अंगणात गेलो. गावातलं दूध पुण्याच्या गाडीला घालण्यासाठी रोज तिथे जमायचं. दहा-पंधरा माणसं किटल्या घेऊन उभी, ओसरीवर अंबुबाई आणि चार बायका. मी पायरीवर चढलो.

"मंडळी, ऐका! माझ्या घराविषयी गावात जे बोललं जातंय, ते साफ खोटं आहे!"

किटल्यांचा आवाज थांबला.

"माझ्या घरात मूलबीळ काही होणार नाही! आणि असं कुणी म्हणत असेल, तर माझा त्यात काडीचा संबंध नाही!"

अंबुबाईंच्या हातातलं सूप कलंडलं. नानासाहेब पुढे झाले.

"अर्जुनराव, शुद्धीवर हायसा का?"

"पूर्ण शुद्धीवर! अहो, चार महिने मी रात्र नाही की सुट्टी नाही, फक्त लाकूड तासतोय! मला दुसरं काही करायला वेळ तरी होता का? तुम्हीच सांगा!"

 सगळे चपलांकडे बघायला लागले. मी हलक्या मनानं कामावर गेलो. तिकडे दूध पुण्याच्या गाडीत चढलं, आणि किटल्यांबरोबर स्टेशनवर बातमीही पोचली. आकुर्डीपासून दापोडीपर्यंत दुपारच्या आत झालं, नानासाहेबांचा भाडेकरू बायकोच्या पोटातलं पोर नाकारतो!

संध्याकाळी घरी आलो तर चूल थंड. आमची ही नाही, ट्रंकही नाही. वर फक्त गुराब टांगलेली. शेजारच्यांनी सांगितलं, ती अंबुबाईंकडे आहे. मी गेलो तर अंबुबाईंनी दार लावून घेतलं. आतून आवाज आला, "तोंड बघायचं न्हाई तुमचं!" तीन दिवस मी चुरमुरे खाऊन काढले. स्टोअर्समध्ये दत्तोबांनी डब्याचं झाकण माझ्या दिशेला धरून जेवायला सुरुवात केली. मला काही केल्या कळेना. मी तर तिची अब्रू वाचवली होती!

चौथा दिवस म्हणजे पाडव्याचा आदला दिवस. सुट्टी होती. नानासाहेबांचा निरोप आला, "वसरीवर या. निकाल लावायचा हाय. तुमचं सासरं येतायत."

त्यांना पैजेसाठी यायचंच होतं, पण नानासाहेबांनी वर एक कार्डही टाकलं होतं. मी म्हटलं, ठीक! होऊन जाऊ दे! पुराव्यासकट जाऊ. मी गुराब खाली उतरवली. दोन्ही डोलकाठ्या ताठ, शिडं फुगलेली, पताका फडफडतायत. ती डोक्यावर घेतली आणि भर उन्हात अंगण ओलांडून निघालो. ओसरीवर नानासाहेब, अंबुबाई आणि खांबाआड, डोळे सुजलेली, आमची ही. 

"हे बघा!" मी ओरडलो. "हाच तो तुमचा पाळणा! नीट बघा आता! हे जहाज आहे, जहाज! तुम्ही सगळ्यांनी खिडकीतून बघून याचा पाळणा केलात आणि माझ्या बायकोला बाळंतपण लावलंत!"

अंबुबाईंनी डोळे बारीक केले. "पाळणा? कोन म्हनलं पाळणा?"

"तुम्ही! सगळं गाव!"

"पोर व्हायच्या आदी कुनी पाळणा टांगतं व्हय घरात? आमाला वाटलं, आमच्या म्हशीला गव्हान करताय!"

"गव्हाण?" मी म्हणालो.

"तर काय! ह्यांनी जागा बी बघून ठेवली व्हती गोठ्यात."

 आंग्र्यांची गुराब आणि म्हशीची गव्हाण! पण मग... "मग मूल होणार, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"हिनं!" अंबुबाईंनी खांबाकडे बोट केलं. "दुसऱ्या म्हयन्यातच मला सांगितलं. तिसरा लागल्यावर मीच चोरचोळी केली हिला. तिसऱ्या म्हयन्यात गुपचूप चोळी करायची असते, गवगवा करायचा नसतो. हिरवा खन दिला व्हता मी, जरीकाठाचा!"

सगळ्यांची नजर हळूहळू वर गेली. माझ्या डोक्यावर, डोलकाठ्यांवर, चोरचोळी आठ तुकड्यांत फडफडत होती.

"पर म्या म्हनलं हिला, आता नवऱ्याला तरी सांग," अंबुबाई म्हणाल्या.

"तीनदा सांगायला गेले," खांबाआडून आवाज आला. "एकदा सरस घट्ट होत होता. एकदा घूस पकडायची होती. तिसऱ्यांदा मी काही बोलायच्या आत हेच म्हणाले, जरा ही दोरी धर."

सरस. चिंच. परसातले चिचोके. सगळं एकदम डोक्यात शिरलं.

"म्हणजे... खरंच?" मी विचारलं.

ती रडता रडता हसली आणि मान हलवली. माझे पायच गेले हो! आनंदानं माणसाचे पाय जातात हे मला माहीत नव्हतं. मी बसलो. बसलो तो सरळ गुराबीवर! कारण डोक्यावरचे हात सुटले होते आणि ती माझ्या आधी पायरीवर पोचली होती. काड्‌काड्‌ करत दोन्ही डोलकाठ्या मोडल्या. शिडं फाटली, तोफा गडगडत अंगणात गेल्या. एक कोंबडी ओरडत पळाली. मला त्याचं काही नव्हतं. मी मोडक्या गुराबीत बसून मोठ्यानं रडत होतो आणि मिशी पुसत होतो.

नेमकी त्याच वेळी फाटकाची कडी वाजली. सासरे! एका हातात वळकटी, दुसऱ्या हातात काठी. चेहरा काळवंडलेला. मी धडपडत उठलो. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी आधी मुलीकडे पाहिलं आणि मग वळकटी खाली ठेवून खिशातून कार्ड काढलं.

"नानासाहेब, तुमचं कार्ड मिळालं. जावई पोर नाकारतो, असं लिहिलंत तुम्ही." त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "माझी पोर माझ्या घरी जड नाय. आज रात्रीच्या गाडीनं घेऊन जातो."

"बाबा, तसं नाही हो..." आमची ही म्हणाली.

"तू गप."

 आणि तेवढ्यात सासऱ्यांची नजर पायरीवर गेली. तिथे ती पडली होती. डोलकाठ्या गेलेल्या, शिडं गेलेली, नुसतं धूड. आढ्याला टांगायच्या चार दोऱ्या चार बाजूंना लोंबत होत्या आणि आत हिरव्या खणाचे तुकडे पसरले होते. सासरे खाली वाकले. लाकडावरून हात फिरवला. सांध्यात नख घालून बघितलं. एका भोकात बोट घातलं, बाहेर काढलं.  तीस वर्षं बंदरात काढलेला माणूस! हा तरी ओळखणार!

"जावईबापू," ते हळू आवाजात म्हणाले, "हा पाळणा तुम्ही केलात?"

मंडळी, चार महिने! चार महिने मी बोटं सोलून घेतली होती. जिभेवर शब्द आला होता, 'पाळणा नव्हे हो, गुराब!' पण मी वर पाहिलं. आमची ही खांब धरून उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. सासऱ्यांनी काठी खाली ठेवली होती.

"हो," मी म्हणालो. "पाळणाच आहे."

"तुमच्या हातांनी?"

"माझ्या हातांनी."

सासऱ्यांनी नानासाहेबांकडे वळून कार्डाचे दोन तुकडे केले. "काय लिहिता हो तुम्ही लोक! जो माणूस तिसऱ्या महिन्यात पाळणा करायला बसतो, तो पोर नाकारील? एवढी हौस मी माझ्या पोरांच्या वेळी केली नाय!"

नानासाहेब खाकरले. अंबुबाईंनी पदरात तोंड लपवलं, त्या हसत होत्या की रडत होत्या कळलं नाही. आमच्या हिनं खाली बसून पताका एकेक करून गोळा केल्या. मग सासरे ओसरीवर टेकले, पाणी प्यायले आणि अगदी सहज म्हणाले,

"बरं, ती आपली गुराब कुठं आहे?"

मी पायरीकडे बघितलं नाही. "ती... ती नाही जमली."

"वाटलंच होतं मला," म्हणून त्यांनी वळकटीतून वस्तरा काढला. आणला होता हो! खरोखरच आणला होता!

पाडव्याच्या सकाळी गुढी वर गेली आणि मिशी खाली आली. स्टोअर्समध्ये मला दोन दिवस कुणी ओळखलं नाही. दारावरच्या पहारेकऱ्यानं पास मागितला.

तिसऱ्या दिवशी सासऱ्यांना पोचवायला चिंचवड स्टेशनवर गेलो. गाडीला वेळ होता. सासरे बाकावर बसून विडी ओढत होते.

"सातव्यात तिला न्यायला येतो," ते म्हणाले. "तोवर जपा. आणि त्या पाळण्याची भोकं बुजवा, पोराला वारा लागेल."

"बुजवतो."

"बारा भोकं आहेत. मोजली मी." विडीचा धूर सोडून ते रुळांकडे बघत राहिले. "गुराबीला पुढचं टोक आणखी खाली हवं. बाकी फासळ्या वाईट बसवल्या नव्हत्यात."

मी उडालोच! "म्हणजे तुम्ही ओळखलं होतं?"

"तीस वर्षं बंदरात काय मी शेंगा फोडल्या?"

"मग माझी मिशी?" मी ओठावरून हात फिरवत ओरडलो.

"पैज उभ्या गुराबीची होती, जावईबापू. तुमची आडवी होती." आणि गाडी आली तसे ते उठले. पाय उचलून डब्यात चढता चढता त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. चार वर्षांत पहिल्यांदाच.

तर अशी ती गुराब. भाद्रपदात मुलगी झाली. भोकं बुजवली, दोऱ्या नव्या लावल्या आणि हिरव्या खणाचे आठही तुकडे जोडून आमच्या हिनं त्याचं दुपटं शिवलं. मुलगी त्यात वर्षभर झोपली, पण कायम डाव्या कुशीवर. उजवीकडे वळवली की पाळणा आपोआप कलायचा आणि ती घरंगळत पुन्हा डावीकडे यायची. आमची ही अजूनही त्यावरून मला बोलते. पण ती बाजू कॅलेंडरमध्ये दिसतच नव्हती, त्याला मी काय करणार?